फळ्यावरची चूक

गणिताच्या बाई रोज फळ्यावर एक चूक करत. मुद्दाम. कुठे करणार, ते आधी सांगत नसत. चूक लिहून झाली की खडू खाली ठेवायचा, खिडकीशी जाऊन उभं राहायचं आणि वर्गाकडे पाठ करायची. मग मागे कुजबुज सुरू व्हायची.

"अरे, चिन्ह बघ ना!"

"गप रे, तसंच असतं."

"नसतं! लाव पैज!"

शेवटी कोणीतरी ओरडायचं, "बाई, चुकलं!" ज्याला ती सापडली त्याने पुढे येऊन स्वतःच्या हाताने पुसायची, हा त्या वर्गाचा नियम. एखाद्या दिवशी कोणालाच सापडली नाही, तर ती फळ्यावर तशीच राहायची. शिपाईमावशींना ताकीद असे, या फळ्याला हात लावायचा नाही. मुलं घरी डोकं खाजवत बसत आणि सकाळी घंटेच्या आधी कोणीतरी धापा टाकत येईच. मुलं त्यांना पाठीमागे खडूबाई म्हणत. ते बाईंना ठाऊक होतं.

त्या वर्षी बाईंचे यजमान गेले. रजा संपवून त्या शाळेत आल्या, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी लगबगीने खुर्ची पुढे केली. बाईंनी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेल्या. त्यांना रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती, पण जेवणाची वेळ झाली की त्या जेवत. नणंद सोबतीला येऊन राहिली होती. ती म्हणे, "वहिनी, एकदा मोकळ्या व्हा हो." बाई म्हणत, "बरं." आणि भांडी पुसायला घेत. सारा दिवस कापसातून चालल्यासारखा जाई. फक्त वर्गात मागून "बाई, चुकलं!" अशी आरोळी आली, की आपण इथे उभ्या आहोत हे त्यांना क्षणभर कळे.

अशात मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. "आता वर्गावर्गांत टीव्हीसारखे मोठे पडदे बसणार. चारही तुकड्यांना गणित तुम्हीच शिकवायचं, पण एकदाच! आपण तुमचे पाठ चित्रित करून घेऊ."

"आणि मग मी काय करायचं?"

"ऑफिसात बसून पेपर तपासायचे. पायांना आराम. तुम्हालाही या वर्षी जरा..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"बरं," बाई म्हणाल्या. वर्गातला उरलेला तेवढा एक तासही आपण देऊन टाकला, हे त्यांना जिना उतरताना समजलं. तरी त्या परत वर गेल्या नाहीत.

चित्रण प्रयोगशाळेत झालं. खिडक्यांना काळे पडदे लावले होते. "बाई, चष्मा चमकतोय. मान जरा खाली," असं कॅमेरावाले सांगत होते, आणि बाई मान खाली करत होत्या. विषय होता कंस सोडवण्याचा. दहा वजा, कंसात तीन अधिक दोन. बाईंनी कंस काढला, पण आतल्या अधिकचं वजा केलं नाही, आणि उत्तर लिहिलं नऊ. खडू ठेवला आणि त्या काळ्या पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे हूं की चूं नाही. बाई दमल्या असतील असं समजून कॅमेरावाले पाणी प्यायले. थोड्या वेळाने बाई परतल्या आणि पुढचं उदाहरण घेतलं. नऊच्या जागी पाच करायचे राहून गेले. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. आजवर ते काम त्यांना कधी करावं लागलं नव्हतं.

"काय हो वहिनी, झालात का नटी?" नणंदेने संध्याकाळी विचारलं. "आता कोपऱ्यावरचा दुकानदार तुमची सही मागेल."

"तो सुटे मागतो," बाई म्हणाल्या.

पडदे बसले. पडद्यावर त्रिकोण गरगर फिरे आणि आपल्या सगळ्या बाजू दाखवी. मुलं आ वासून बघत. जन्मात आपल्याला हाताने असा त्रिकोण फिरवता आला नसता, हे बाईंनी मनाशी कबूल केलं.

मग चाचणी झाली. बाई ऑफिसात पेपर तपासायला बसल्या. कंसाच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांनी नऊ लिहिलं होतं. मुलं नेहमी आपापल्या परीने चुकतात. इथे अक्षर वेगवेगळं होतं आणि चूक एकच. ती चूक आपली आहे हे ओळखायला बाईंना वेळ लागला नाही.

त्यांनी पेपर बाजूला ठेवले आणि आपल्या जुन्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. तोच पाठ पुन्हा लावायला सांगितला. पडद्यावरच्या बाईंनी नऊ लिहिले, खडू ठेवला आणि लगेच उचलला. खिडकीशी उभं राहणं कोणीतरी कापून टाकलं होतं.

बाईंनी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "तुला दिसली नव्हती चूक?"

"दिसली होती ना बाई."

"मग?"

"सांगणार कोणाला?" मुलगी म्हणाली.

तिच्या शेजारची मुलगी म्हणाली, "आणि मार्क पडद्यावरच्या उत्तरालाच मिळणार ना!"

मुख्याध्यापिकांचा पारा चढलेला होता. "पालकांचे फोन येतायत! तुमच्यासारख्या अनुभवी बाई, आणि..."

"ती मुद्दाम केलेली होती," म्हणून बाईंनी सगळी पद्धत सांगितली.

"अहो, मग तेवढी चूक काढून पुन्हा करून द्या."

"देते. आणि तो त्रिकोण राहू दे, छान आहे. पण मला एक तुकडी द्या."

"चौघांच्या जागी एका शिक्षकाने भागावं म्हणूनच तर पडदे घेतले हो! आणि तुम्ही तर बरं म्हणाला होतात."

"म्हणाले होते. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. त्या एका तुकडीतही पडदा लावीन, पण मी खोलीत असेन. मुलांना चूक सांगायला माणूस लागतं."

मुख्याध्यापिकांनी वेळापत्रक पुढे ओढलं. एकेका तुकडीवरून बोट फिरवलं. "'ड' घ्या," शेवटी त्या म्हणाल्या. "ती कोणालाच नको असते. बाकीच्या तीन पडद्यावर. त्याहून जास्त मला जमणार नाही."

पाठ पुन्हा चित्रित झाला. एकही चूक नाही, कुठे थांबणं नाही. "एका दमात!" कॅमेरावाल्यांनी टाळी वाजवली. बाईंना तो पाठ अगदी सपक वाटला, पण तीन तुकड्यांना तोच मिळणार होता.

संध्याकाळी नणंद दारातच उभी होती. "मिळाली तुकडी?"

"एक मिळाली."

"मग हसा की जरा!"

बाईंनी हसून बघितलं. चेहरा ऐकेना. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "उद्या डबा लवकर लागेल. पहिलाच तास आहे."

"अगदीच दगड आहात बाई तुम्ही," म्हणत नणंद डबा घासायला घेऊन गेली.