होडी कुनी वर काढली?

पावसाळा तोंडावर आला म्हनून माझी होडी वाळूवर ओढत होतो. धा गडी दोरीला, मी नुसता ओरडायला. हरिहरेश्वराला देवदर्शनाला आलेला एक रिटायर फौजी पँट गुडघ्यापर्यंत नीट दुमडून दोरीला लागला.

मी इचारलं, "काका, लढाई सायेब जिंकतो का शिपाई?"

तो म्हनाला, "काय म्हाईत! जिंकल्याचं मला रेडिओवर कळलं. मी बटाटे सोलत होतो."

मला लाज वाटली. ओरडायचं सोडून मीबी दोरी धरली. मग जो तो आपल्या मनानं ओढाया लागला आनि होडी परत पान्याकडं घसरली. माझं पोट तिच्यावरच चालतं.

"गाढवा, ओरड!" फौजी खेकसला.

ओरडलो. होडी वर आली. त्याचे तळहात सोलले, माझा नुसता घसा बसला.

"काका, आता सांगा, कुनी काढली?"

"तुला कळलं तर मला कळव," म्हनाला, आनि पत्ता न देताच गेला. दिला असता तरी मी काय कळवनार होतो?