बारीक मावशीची साखर

आईला साखर निघाली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. अंगानं ती भरलेली, शिवाय तिच्या वडिलांनाही होती. नवल वाटलं ते दोन वर्षांनी मावशीला निघाली तेव्हा. आईची ही धाकटी बहीण धसई गावात दिलेली, चाळिशीची, काटकुळी, दिवसभर शेतात. गोळ्या सुरू केल्या, पण वर्षभरातच त्या लागू पडेनाशा झाल्या. मग इन्सुलिन आलं. घरात फ्रीज नव्हता, म्हणून ती बाटली डब्यात घालून मावशी तो डबा माठात तरंगत ठेवायची.

मी मुरबाडला शाळेत शिकवत होते. दरवर्षी आईला डॉक्टरांकडे नेऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून आणायचे. मावशीला न्यावं असं कधी मनातही आलं नाही. "जाड्या माणसाला हार्टचं भ्या. माझ्या अंगात आहे काय?" असं ती हसून म्हणायची, आणि आम्हांला ते पटायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत मी धसईला गेले होते. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. सकाळी दहाच्या सुमाराला मावशी झोडता झोडता थांबली आणि पेंढ्यावर बसली. कपाळ घामानं निथळत होतं.

"साखर उतरली गो. गूळ दे."

मी धावत जाऊन गूळ आणला. तो खाऊन ती पाणी प्यायली. घाम थांबेना, म्हणून मी आणखी एक खडा दिला.

"छातीत दुखतंय का?"

"नाय. नुसता दम लागलाय. पित्त असंल."

दुपारपर्यंत ती पडून राहिली आणि संध्याकाळी उठून तिनं भाकऱ्या थापल्या. पुढचे तीन दिवस मात्र पाण्याची कळशी उचलली की तिला बसावं लागायचं. चौथ्या दिवशी तिचं न ऐकता मी तिला एसटीत घातलं आणि मुरबाडला आणलं.

डॉक्टरांनी पट्टी काढली. ती बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "छातीत कधी दुखलं होतं?"

"नाय."

"तुम्हांला हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय, मावशी. साखरेनं नसा बधिर होतात, म्हणून कधी कधी दुखत नाही. घाम आणि दम, एवढंच कळतं."

मला तो गुळाचा दुसरा खडा आठवला.

"पण साखर तर आईला जास्त वर्षं आहे," मी म्हणाले. "आणि ही तर इतकी बारीक..."

"हिच्या साखरेची जात वेगळी असावी. बारीक माणसाचं शरीरसुद्धा कधी कधी मोठेपणी हळूहळू स्वतःचं इन्सुलिन बनवायचं थांबवतं. पण हृदयाला धोका दोघींनाही. वजन बघून कुणाला सोडायचं नसतं."

कल्याणच्या दवाखान्यात ती आठ दिवस होती. आई रोज यायची. तिसऱ्या दिवशी बहिणीचा हात धरून म्हणाली, "सगळ्यांनी मलाच जपलं गं."

"मग आता मला जपा," मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

भात लावणीला मावशी पुन्हा उतरली नाही. ते तिला फार लागलं. पहिल्या पावसाळ्यात सगळे शेतात असताना ती ओट्यावर बसून रडली, असं तिच्या सुनेनं सांगितलं. पुढच्या वर्षी मात्र तिनं घरामागे मिरच्या आणि वांगी लावली.

ती आणखी नऊ वर्षं जगली. त्या वर्षांत गावात कुणाला साखर निघाली की ती आधी त्याच्या घरी जायची. एकदा अशीच साखर निघालेली शेजारची सडपातळ सून म्हणाली, "मला कुठं काय होतंय? मी तर चालते-फिरते."

"मी तर भात झोडत होते," मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती त्या सुनेला पट्टी काढायला घेऊन मुरबाडला माझ्या दारात हजर झाली.