तालुका प्रगत झाला त्या महिन्यात

प्रदेशाचा विकास हा शासनाच्या दूरदृष्टीचा आरसा असतो. आमच्या तालुक्याने नुकतंच त्यात पाहिलं आणि तो प्रगत निघाला. त्यामुळे मागास भागातल्या कारखान्यांना मिळणारी करसवलत इथे संपली आणि आमचा पंपांचा कारखाना शेजारच्या, अजून मागास असलेल्या तालुक्यात जायला निघाला.

काल फाटकातून पाहिलं, तर आमच्या आळीतला काशिनाथ फिटर स्वतःचंच यंत्र खोलत होता. सुट्या केलेल्या प्रत्येक भागावर तो पांढऱ्या रंगाने आकडा घालत होता, तिकडे जोडणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून.

"तू नाही का जाणार?" मी विचारलं.

"तिकडे तिकडचीच माणसं घ्यायची असा नियम आहे, मास्तर. मीही त्याच नियमाने लागलो होतो."

"मग आता?"

"आता तालुका परत मागास व्हायची वाट बघायची. माझ्या घरापासून सुरुवात झालीच आहे."

तो हसला आणि पुढच्या भागावर आकडा घातला.

नियम करणाऱ्यांसमोर नकाशा असतो. एका तालुक्यातला रंग पुसून दुसऱ्यात भरता येतो. काशिनाथची पन्नाशी आणि त्याच्या मुलीचं कॉलेजचं दुसरं वर्ष नकाशात दिसत नाही. दिसलं असतं तरी त्यासाठी वेगळा रंग नसता.

संध्याकाळी कारखान्याच्या साहेबांनी काशिनाथला बोलावून घेतलं. यंत्र बसवायला आणि तिकडच्या माणसांना ते शिकवायला त्याला चार दिवस नेणार आहेत. जेवण कंपनीचं.