व्हर्लिनची तिसरी तपासणी

आमच्या केंटकीच्या डोंगरात कुणालाही "कसा आहेस?" विचारा, उत्तर एकच, "तक्रार नाही." पाय तुटलेला असला तरी तेच! या खोडीनं व्हर्लिन हॅचरचा घात केला. माजी सैनिकांच्या मंडळात त्याचे कागद मीच भरायची, म्हणून सगळं डोळ्यांसमोर झालं.

व्हिएतनाममध्ये ट्रक उलटून त्याचा मणका दुखावला होता. सरकारनं अपंगत्व धरलं चाळीस टक्के. पुढे पंच्याहत्तरीत पाय भरवशाचे राहिले नाहीत. बायको, इमोजीन, त्याला रोज बिछान्यातून उचलून उभं करायची, आणि तीही बाहत्तरची. टक्के वाढले तर घरी मदतनीस मिळणार होता, नाही तर वृद्धाश्रम. व्हर्लिनला घर सोडायचं नव्हतं, म्हणून टक्के वाढवायचा अर्ज केला.

पहिल्या तपासणीला गडी दाढी करून, चर्चला घालायचा सदरा चढवून गेला. काठी गाडीतच ठेवली. डॉक्टरनं विचारलं, "दुखतं का?" हा म्हणतो, "चालायचंच." झालं! अहवालात आलं: आधाराविना चालतो, तक्रार नाही. अर्ज फेटाळला. आम्ही अपील केलं, न्यायाधीशांनी प्रकरण फेरतपासणीला परत पाठवलं. त्यात दीड वर्ष गेलं, आणि दुसऱ्या वेळीही यानं तेच केलं.

"अरे शहाण्या, तिथे काय फोटो काढायला गेला होतास?" मी भडकले.

"दुखणं सांगत फिरणं म्हणजे भीक मागणं, ओपल. त्या ट्रकखालून तिघं उठलेच नाहीत."

कपाळ माझं!

पुन्हा अपील, पुन्हा परत. तिसऱ्या तपासणीच्या आठवडाभर आधी त्याला उचलताना इमोजीन कोसळली. दोघंही तासभर फरशीवर पडून होती. तेव्हा कुठे त्याचा हट्ट मोडला. तपासणीला मी शेजारी बसले होते. तो सगळं बोलला. पँट बायको चढवते, संडासापर्यंत रांगत जातो, कधी तेवढंही जमत नाही. लाजेनं कान लाल झाले होते त्याचे. माझ्याच्यानं बघवेना.

सात महिन्यांनी पत्र आलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी ते मोठ्यानं वाचलं. अपील पुन्हा परत. कारण काय, तर आधीच्या दोन तपासण्यांतलं म्हणणं आणि आताचं म्हणणं जुळत नाही, म्हणून नव्या डॉक्टरनं तपासून या फरकाबद्दल मत द्यावं.

"दोनदा खोटं बोललो, ते लगेच पटलं," व्हर्लिन म्हणाला. "एकदा खरं बोललो, तर चौकशी!"

"चौथ्यांदा जाऊ. मी सगळा खुलासा लिहून देते."

"किती दिवस लागतील?"

थाप मारायची माझी हिंमत झाली नाही. "वर्ष तरी."

त्यानं इमोजीनकडे पाहिलं. पडल्यापासून तिच्या कमरेला पट्टा होता. ती चुलीवरचं घेवड्याचं पातेलं दोन्ही हातांनी उतरवू पाहत होती, तेही तिला उचलेना.

"ओपल, वृद्धाश्रमाला फोन लाव."

"मी काही म्हटलंय का?" इमोजीन किंचाळली. "जमत नाही असं एकदा तरी म्हटलंय का मी?"

"तेच तर ना," व्हर्लिन म्हणाला. "तूही कधी खरं सांगितलं नाहीस."

ती त्याच्या शेजारी बसली आणि हुंदके देत रडायला लागली. नको, असं मात्र ती म्हणाली नाही. मी फोन लावला. सोमवारची जागा मिळाली.