दाराखालचा ओघळ

त्याला सगळे आरसा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठल्यातरी दाखल्यावर असेलच, पण ते कुणी विचारलं तर त्याची बायकोसुद्धा क्षणभर छताकडे बघायची. चाळीस वर्षं तो गाड्या रंगवत आला, आणि असा रंगवत आला की त्याच्या हातून सुटलेल्या दारात बघून माणसानं खुशाल दाढी करावी. गाडी ठोकून आणा, चेपून आणा, खांबाला मिठी मारून आणा. आरसा पत्रा सरळ करणार, खड्ड्यात लांबीचा लगदा भरणार, घासणार, फवारणार, आणि चौथ्या दिवशी मालक घरी जाऊन शपथेवर सांगायला मोकळा, की गाडीला काही झालंच नव्हतं. अर्ध्या गावाचे संसार आरशाच्या लांबीवर टिकून होते म्हणा ना.

स्वतःच्या घराचं मात्र विचारू नये. स्वयंपाकघराच्या दाराचे पोपडे निघून चौदा वर्षं झाली होती. बायको म्हणायची, "हे दार उचलून तुमच्या गॅरेजात आणू का? नंबर लावून बसते. कुणी ठोकलं म्हणून विचारलंत तर सांगेन, नशिबानं."

तर हा आरसा एकदा मोठ्या बाईंच्या घरी गेला. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त आपल्या म्हणायला. एकवीस वर्षं झाली, तरी त्या रस्त्यानं जाताना पोट सुटलेली माणसं शर्टाची बटणं लावायची. बाईंचं लोखंडी फाटक गंजलं होतं, ते रंगवायचं होतं. डबे ठेवायला जागा हवी म्हणून आरशानं मागची शेड उघडली, तर समोर एक कोंबडी स्टीअरिंगमागे बसलेली. बसली होती तीही अशी, की लायसन्स विचारायची सोय नव्हती.

कोंबडीच्या खाली सीट, सीटच्या खाली गाडी. दोन माणसांची, कमरेइतकी उंच, हिरवी, बेडकासारखे दोन दिवे वर काढून बसलेली जुनी स्पोर्ट्स कार. छत नाही, एका बाजूची काच नाही, आणि मागच्या मडगार्डला भाकरीएवढा चेपका.

"माझ्या भावाची," बाई मागून म्हणाल्या. "साठ वर्षांपूर्वी त्यानं नवी घेतली, नऊ वर्षं चालवली, मग इथं लावली आणि देवाघरी गेला. तुमच्याआधी चौघे येऊन गेले. एक म्हणाला लाल करतो. एक म्हणाला आतून नवी करतो, बाहेरून नवी करतो, खालून नवी करतो. मी म्हटलं, बाळा, मग नवीच का घेत नाहीस?"

आरसा गुडघ्यांवर बसला, बोट तोंडात घालून ओलं केलं आणि दाराच्या खालच्या कडेला घासलं. धूळ गेली, हिरवा रंग दिसला, आणि हा गडी हसायलाच लागला.

"काय झालं हसायला?"

"बाई, ओघळ आहे!"

आता ओघळ म्हणजे काय, तर रंग एका जागी जास्त बसला की थेंब खाली घसरतो आणि तसाच वाळतो. त्या एका ओघळापायी आरशानं नवशिकेपणी उस्तादाच्या किती थपडा खाल्ल्या होत्या, याची गणती नाही. आणि इथं? कारखान्याचा पहिला रंग, त्यावर दुसरा हात नाही, आणि दाराखाली बोटाएवढा ओघळ! साठ वर्षांपूर्वी कुण्या पठ्ठ्यानं घाईत फवारा मारला असणार, तपासनिसानं तिथवर वाकायचा आळस केला असणार, आणि ती चूक ऐटीत साऱ्या जगाच्या नाकाखालून निघून आली असणार. आरशाला जन्मात न भेटलेला एक भाऊबंद भेटला.

बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "एक पैसा नको. पण तिला नवा रंग लागता कामा नये. वर्षानं मी बघायला येईन. आहे तशी नसली, तर गाडी परत कोंबड्यांची."

म्हणजे गंमत बघा. ज्यानं जन्मभर रंगवण्याखेरीज दुसरं काही केलं नाही, त्याच्यावरच ते न करण्याची अट.

आरशानं गाडी घराच्या पडवीत आणून ठेवली आणि कामाला लागला, म्हणजे लोकांच्या मते काहीच करेना. इंजिनात तेल सोडून दहा दिवस थांबला, मग हातानं अर्धा फेरा, पुन्हा थांबला. गंज होता तिथं तेलाचा बोळा फिरवून तो वाढायचा थांबवला, झाकला नाही. फाटक्या सीटला आतून कापड लावलं; वरून फाटकी ती फाटकीच. कोंबडीनं केलेला खड्डासुद्धा ठेवला. आणि एक वही केली. वहीत गाडीचा एकूण एक ओरखडा, पोपडा, डाग, कुठं आहे, केवढा आहे, सगळं लिहिलेलं. पहिल्या पानावर पहिला मान ओघळाचा.

बायकोनं वही चाळली. "लग्नाला छत्तीस वर्षं झाली. माझ्या गुडघ्याची कधी नोंद केलीत?"

"तू बोलून दाखवतेस ना. तिला बोलता येत नाही."

"आणि न रंगवता जपायचंच आहे, तर माझं दार काय वाईट जपलंत? चौदा वर्षं जपताय!"

गाव तर धन्य झालं. लोक पडवीपाशी थांबून हळहळायला लागले. "आरशाचा हात गेला वाटतं," एक म्हणाला. "डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणे," दुसऱ्यानं दुःखद बातमी दिली. सगळ्यांत जास्त दुःख झालं ते मेहुण्याला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं नुकतंच गाड्या चकाचक करण्याचं दुकान थाटलं होतं आणि पाटीवर भावोजींचा फोटो लावला होता.

"भावोजी, लोक फोटो बघतात आणि मग ही गाडी बघतात."

"मग फोटो काढ."

"अहो, एक दार तरी! नुसतं चकाकवतो."

"तिच्या जवळ गेलास तर तुलाच चकाकवीन."

असे अकरा महिने गेले. मग आरशाचा उजवा डोळा ऑपरेशनला आला, दोन दिवस दवाखान्यात राहायची वेळ आली. बायको सोबत गेली. घराची किल्ली कुणाकडे? तर मेहुण्याकडे. मांजराला दुधाची राखण याहून विश्वासानं कुणी दिली नसेल.

मेहुण्याचं मन सोन्याचं होतं, अडचण फक्त डोक्याची होती. भावोजी पट्टी काढून येतील आणि नव्या डोळ्यानं पहिली दिसेल ती चमकणारी गाडी, असा त्याचा बेत. त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि दाराला भिडला. साठ वर्षांचा पातळ रंग तो. पाच मिनिटांत तळहाताएवढा पत्रा उघडा! मग त्याला घाम फुटला, आणि त्यानं अशा वेळी शहाणा माणूस करतो तेच केलं. वरून चादर टाकली आणि निघून गेला.

आरशानं घरी येऊन चादर काढली. ओघळापासून चार बोटं वर पत्रा लखलखत होता. बायकोनं भावाला फोन लावला आणि जे काय ऐकवलं, ते शेजाऱ्यांनी गॅस बंद करून ऐकलं.

बाई यायला वीस दिवस होते. आता खरी परीक्षा. कारण तो डाग कुणाला दिसणार नाही असा बुजवू शकणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि तो त्या डागासमोरच बसला होता. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचं खोटं रंगवलं, आज स्वतःचं रंगवायचं एवढंच.

त्यानं हिरवा रंग घोटायला घेतला. ऊन खाल्लेला, धूळ मुरलेला, साठ वर्षांचा हिरवा. डाव्या जुन्या डोळ्याला जुळला की उजवा नवा डोळा म्हणे, छे, पिवळा झाला. उजव्याला जुळवला की डावा म्हणे, निळा. घरात दोनच माणसं आणि तीन मतं, अशी पाळी आली. अकराव्या खेपेला दोन्ही डोळ्यांनी मान डोलावली. बशीत रंग, हातात कुंचला, आणि आरसा दारासमोर बसला.

बायकोनं चहा आणून ठेवला. "लावा की. बाईंना कळायचं नाही."

"नाहीच कळणार."

"मग?"

"वहीत काय लिहू?"

बायकोनं चहा त्याच्या हाताजवळ सरकवला. कुंचला बशीत तसाच आडवा राहिला.

बाई ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला आल्या. आरशानं चादर काढली आणि त्या काही विचारायच्या आत बोट डागावर ठेवलं. "बाई, हे माझ्या घरात झालं. अट मोडली. कोंबड्यांना निरोप द्या."

बाईंनी चष्मा वर केला, वाकून बघितलं. मग वही मागितली आणि पानन् पान वाचली. एका पानावर थांबल्या. "मागच्या मडगार्डचा चेपका. कारण माहीत नाही, असं लिहिलंय."

"नाहीच माहीत."

"लिहा, बहिणीनं फाटकावर घातली. भाऊ परगावी होता. मी तो येईपर्यंत चादर टाकून ठेवली होती." बाईंच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू दिसलं. "त्यानं कधी विचारलं नाही, आणि चेपका कधी काढलाही नाही. आणि दारावरचा हा डाग कुणी केला?"

मेहुणा खांबाआडून बघत होता. पन्नाशीचा, दुकानदार, पण बाईंची नजर वळली आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. "बाई, मी नुसतं चमकवायला..."

"चादर टाकलीस?"

"हो, बाई."

"बस इथं. सुवाच्य अक्षरात लिही. तारीख घाल."

मेहुण्यानं मांडी घालून लिहिलं. बाईंनी दोन चुका काढल्या, त्याही त्याच्याकडून सुधारून घेतल्या आणि वही आरशाला परत दिली. "गाडी इथंच राहू दे. आमच्या घराण्याची चूक सांभाळलीत, तुमच्याही घराण्याची एक असू द्या. फाटक मात्र अजून रंगवायचं राहिलंय. वर्ष झालं."

उघड्या पत्र्यावर आरशानं तेलाचा बोळा फिरवला. अकरा खेपांचा हिरवा रंग मात्र डबाभर उरला होता, आणि तो बायकोनं आधीच हेरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार हिरवं झालं. चौदा वर्षांनी!

बायको वाकून बघत म्हणाली, "अहो आरसेबुवा, इथं खाली ओघळ आलाय."

"राहू दे," आरसा म्हणाला. "वहीत लिही."