डावखुऱ्याचे टाके

आजोबा जहाजांची शिडं शिवायचे, तेही डाव्या हाताने. त्यामुळे त्यांचे टाके इतरांच्या उलट बाजूला झुकत आणि गोदीतले लोक त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करत. आजोबांना उलट उत्तर देणं जन्मात जमलं नाही. तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, दाभण घ्यायचं आणि खाली मान घालून बसायचं.

एका तीन डोलकाठ्यांच्या मालवाहू जहाजाची पहिली शिडं त्यांनी शिवली. दोन वर्षांनी माझे वडील झाले, तेव्हा आजी त्या जहाजाला थोरली आणि वडिलांना धाकटा म्हणू लागली. थोरलीने पंचवीस वर्षं इमानेइतबारे कापूस नेला, कौलं आणली. मग आगबोटी आल्या. चांगला माल त्यांनी पळवला आणि थोरलीच्या वाट्याला आलं त्यांच्याचसाठी कोळसा वाहणं. मालकाने नवी शिडं करायचं नाकारलं, जुन्यांनाच ठिगळं लावा म्हणाला. आजोबांनी लावली. त्या खेपेला वडील जहाजावर सुतार म्हणून गेले.

दोन महिन्यांच्या खेपेला सात महिने झाले. मग एका परक्या जहाजाने समुद्रात सापडलेला शिडाचा तुकडा बंदराच्या कचेरीत आणून दिला. शिडं शिवणारे, टाके ओळखणारे गावात तेव्हा आजोबाच उरले होते, म्हणून तुकडा ओळखायला त्यांना बोलावलं. ते हो म्हणाले की थोरली बुडाली असं फळ्यावर लागणार होतं. आजोबांनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि हे माझं काम नव्हे, असं सांगितलं. वर फडक्याला होईल म्हणून तुकडा मागून घेतला. आजी आधीच वारली होती, घरी आईला आठवा महिना होता आणि तिची आधीची दोन मुलं गेली होती.

मी झाले की सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. मग मला दात आले, गोवर आला, मी शाळेत जाऊ लागले. सांगायला मुहूर्तच सापडेना. दोन वर्षांनी कचेरीने थोरली बुडाली असं धरून तिचं नाव आपणहून पुसलं, पण पुरावा कुठाय म्हणून आई हटली नाही. दर महिन्याला ती वडिलांचे सदरे उन्हात टाकायची आणि आजोबा कोपऱ्यातून बघत बसायचे. भरल्या घरात इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी सोळा वर्षांची असताना त्यांची नजर गेली. दोऱ्याला लावायचं मेण शोधताना मला त्यांच्या पेटीत तो तुकडा सापडला. टाके उलटे झुकलेले. हे तर तुमचेच, असं मी म्हणाले, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"आईला तू सांग," ते म्हणाले. "माझ्याने होत नाही."

मी सांगितलं. आईने तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"मामंजी, त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"सोळा वर्षं मी दाराला कडी लावून झोपले नाही."

एवढं बोलून ती उठली आणि भर दुपारी तिने दाराला कडी घातली.

आजोबा पुढे तीन वर्षं जगले. आई त्यांना वेळेवर गरम वाढायची, ताट हाताला लागेल असं ठेवायची, पण मामंजी म्हणून तिने पुन्हा हाक मारली नाही. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आजोबांचा मला रागही यायचा आणि कीवही. त्यांनी खोटं बोलून वाचवलं ते मला, आणि त्या घरात त्यांना हाक मारणारी मी एकटीच उरले.