फुली मारलेल्या जागा

मागच्या केसांपर्यंत हात पोचत नाही म्हणून बायकोने कलपाचा ब्रश माझ्या हातात दिला. मनगट आपोआप वळलं. तरुणपणी चित्रकथांच्या स्टुडिओत माझं काम हेच होतं. चेहरे एकजण काढायचा, मागची झाडं-घरं दुसरा. जिथे काळा रंग हवा तिथे ते पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवत आणि मी शाई भरत जायचो. राजपुत्राचे केस, गुहेचं तोंड, रात्रीचं आभाळ. एकही चेहरा माझ्या वाट्याला आला नाही. आणि मुलं चेहरेच बघतात. काळ्या आभाळाकडे कोण बघतं.

“थांबलात का?” बायकोने विचारलं.

तिच्या पांढऱ्या केसांत कुठेच फुली नव्हती.

“दमलो गं,” मी म्हटलं. “एवढं राहू दे पांढरं.”